कुंडीतील कीड आणि हिंसेचा दोष

सुभाष रोडवर दुकानांच्या माडीवर राहणाऱ्या कित्येक कुटुंबांस अंगण असे नाहीच. तुळस व जास्वंद गॅलरीतील कुंडीतच नांदतात. अशा कोंदट जागी पिठ्या ढेकूण लवकर फैलावतो. कोवळे शेंडे कापसासारख्या थराने माखतात, पाने चिकट होतात, त्यांवर काजळी धरते. विषारी औषध फवारावे, तर तेच तुळशीपत्र उद्या तीर्थात पडावयाचे. म्हणून परभक्षी कीटक सोडून कीड आवरावी ही सूचना आपल्या मंडळींस रुचते. "एक जीव दुसऱ्यास खातो, आपणांस दोष कसला?" असे समाधानही तिच्यामागून येते. पौरोहित्य करणाऱ्या घरात वाढल्याने हा प्रश्न आमच्यापर्यंत वारंवार येतो, आणि हे समाधान आम्हांस पटत नाही.

उपाय खरा आहे, यात शंका नाही. काळसर पाठीचा, नारिंगी डोक्याचा क्रिप्टोलिमस हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. कॉफीवरील हिरव्या खवलेकिडीसाठी तो १८९८ साली भारतात आणला गेला. त्या कामी तो फारसा उपयोगी पडला नाही. परंतु येथे टिकला आणि पिठ्या ढेकणाचा वैरी म्हणून नावारूपास आला. त्याची अळी पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली, दिसावयास थेट ढेकणासारखी. त्यामुळे अजाण माणूस रक्षकासच चिरडून टाकतो! मुंग्यांकडेही लक्ष ठेवावे लागते. ढेकणाच्या गोड स्रावाच्या लोभाने त्या त्याची राखण करतात व ढालकिड्यास हुसकून लावतात. आपल्या भागातील दाखला हवा असल्यास, २००२ च्या सुमारास सांगली-बेळगावकडील उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने मायक्रोमस हा परभक्षी कीटक वाढविण्याचे काम हाती घेतले होते.

आता दोषाचा विचार. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासंबंधी सांगताना केवळ मारणाराच नव्हे, तर संमती देणारा, विकत घेणारा, शिजविणारा आणि खाणाराही घातक गणला आहे. मग बेत करून, दाम मोजून ढालकिडा आणणारा त्यातून कसा सुटेल? मांजर स्वभावाने उंदीर मारते हे खरे. पण कोठीत तिला सोडणारे आपणच असतो.

म्हणून विष आणि ढालकिडा सारखेच, असेही नाही. कडक विषास ढेकूण कोणता, मधमाशी कोणती, तीर्थ घेणारे मूल कोणते, याची ओळख नसते. ढालकिड्याची भूक ठरावीक किडींपुरतीच असते. हा भेद लहान नव्हे. परंतु तो अल्प हिंसेचा आहे, अहिंसेचा नव्हे.

याहून आम्हांस बोचते ती गोष्ट निराळीच. उघड्या शेतात भक्ष्य संपले की ढालकिडा उडून जातो. जाळीबंद हरितगृहात किंवा काचा लावलेल्या गॅलरीत तो जाणार कोठे? तेथे त्याची उपासमार होते, आणि अळ्या एकमेकींस खाऊ लागतात. कामास बोलावलेल्यास काम सरताच उपाशी कोंडणे कोणत्या धर्मात बसते? निदान खिडकी उघडावी, किंवा शेजाऱ्याच्या किडलेल्या जास्वंदीवर त्याला नेऊन ठेवावे.

पण खिडकी उघडणेही सर्वदा निर्दोष नसते. मूळच्या आशियातील हार्लेक्विन ढालकिड्यास युरोपात कीडनियंत्रणासाठी सोडले. तो हाताबाहेर पसरला, २००४ साली इंग्लंडात पोहोचला, आणि तेथील मूळचे ढालकिडे घटले. क्रिप्टोलिमस आपल्याकडे शतकाहून अधिक काळ आहे, म्हणून त्याच्याविषयी तितकी धास्ती नाही. नवा परदेशी कीटक मात्र कोणी परस्पर आणू नये.

मोठ्या हरितगृहाच्या धन्यास परभक्षी कीटकांवाचून दुसरा सौम्य मार्ग क्वचितच असतो. दोन कुंड्यांच्या गृहस्थास तो आहे. ओल्या फडक्याने शेंडे पुसावेत, पाण्याची धार मारावी, फार माखलेली फांदी कापून टाकावी. तेथे मारणारा हात आपलाच असतो, आणि तो कोणाच्या पंखांआड लपलेला नसतो.