आजारी अनाथाची कफालत : केवळ एका घराची जबाबदारी नव्हे



सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी इमामतीला नवा होतो. इशाच्या नमाजेनंतर आमच्या जमातीतील एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, पण मूल नव्हते. एका शिशुगृहात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एक मुलगी पाहिली होती. वय वीस महिने. जन्मतःच तिच्या पाठीचा कणा नीट मिटलेला नव्हता. डॉक्टर या व्यंगाला स्पायना बायफिडा म्हणतात. पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. डोक्यात साचणारे पाणी पोटात उतरावे म्हणून त्वचेखालून एक बारीक नळी बसवलेली होती, तिला शंट म्हणतात. पायांत बळ नव्हते. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसल्याने दर चार तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढावी लागत असे. हे सारे सांगून त्यांनी विचारले, “मौलाना, हिला घरी आणले तर चालेल का?”

मी त्यांना अर्धा तास उत्तर दिले. दत्तक मूल शरीअतमध्ये औरस होत नाही. त्याला आपले नाव लावता येत नाही. ते वारस ठरत नाही. मुलगी वयात आली की घरातील पुरुषाला तिच्याबाबत परक्या स्त्रीचे नियम पाळावे लागतील. माझे एकही वाक्य चुकीचे नव्हते. ते गृहस्थ दर वाक्यानंतर “जी” म्हणत राहिले आणि सलाम करून निघून गेले.

त्या रात्री मी जे सांगितले नाही, त्याविषयी आज लिहायचे आहे.

प्रथम नियमाचे मूळ पाहू. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना प्रेषितांनी (सल्ल.) मुलासारखे वाढवले होते. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. मग सूरह अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतींत अल्लाहने आज्ञा दिली, की मानलेल्या मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्यांच्या नावाने हाक मारावी. आपण बहुधा इथेच थांबतो. पण पाचवी आयत इथे थांबत नाही. पित्याचा पत्ताच नसेल तर ती मुले तुमचे धर्मबंधू आणि तुमची आपली माणसे आहेत, असा तिचा पुढचा आशय आहे. म्हणजे ज्या आयतीने खोटे नाते काढून घेतले, तिनेच लगेच खरे नाते हातात दिले. ज्याचा पिता माहीत नाही असे मूल रस्त्यावरचे ठरत नाही, ते साऱ्या उम्मतचे ठरते.

आणि जैद (रजि.) यांचे काय झाले? नाव बदलले, माया आणि विश्वास बदलला नाही. हिजरी ८ मध्ये मूताच्या मोहिमेचे पहिले नेतृत्व त्यांच्याकडेच सोपवले गेले. त्यांचा मुलगा उसामा (रजि.) प्रेषितांना किती प्रिय होता, हे सर्व मदीनेला ठाऊक होते. इब्ने माजा यांच्या हदीस संग्रहात एक प्रसंग आहे. लहानगा उसामा उंबरठ्यावर अडखळून पडला आणि त्याच्या चेहऱ्याला जखम झाली. प्रेषितांनी हजरत आयेशा (रजि.) यांना ती पुसायला सांगितले. त्यांना जरा किळस आली. तेव्हा प्रेषितांनी स्वतः त्या जखमेतील रक्त चोखून थुंकून टाकले. ज्या मुलाशी रक्ताचे नाते नाही, त्याच्या रक्ताची किळस न करणे ही प्रेषितांची सुन्नत आहे. दर चार तासांनी दुसऱ्याच्या पोटच्या मुलीची लघवी काढणारी माता ही सुन्नत जगत असते.

आपल्या फिकहमध्ये “लकीत” नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. लकीत म्हणजे टाकून दिलेले, सापडलेले मूल. हनफी फुकहांच्या मते असे मूल उचलून घेणे पुण्याचे आहे आणि न उचलल्यास त्याचा जीव जाण्याची भीती असेल तर ते वाजिब आहे. आता विचार करा. ज्याच्या डोक्यातील नळी तुंबली तर काही तासांत जीव धोक्यात येतो, त्या मुलाला जवळ घेणारे कोणी नसेल तर ते कोणत्या प्रकारात मोडते? हजरत उमर (रजि.) यांच्या काळात अबू जमीला नावाच्या गृहस्थाला एक टाकलेले मूल सापडले. तो त्याला घेऊन खलिफांकडे गेला. चौकशीअंती हजरत उमर (रजि.) यांनी निर्णय दिला, की मूल स्वतंत्र आहे, अबू जमीलाने त्याला सांभाळावे आणि त्याचा खर्च बैतुलमालने उचलावा. कूस एका घराची, खर्च सर्वांचा, अशी ही वाटणी होती. आपण मात्र कूसही त्यांची आणि खर्चही त्यांचाच असे ठरवून टाकले आहे. आपल्या वाट्याला फक्त सल्ला ठेवला आहे.

ते दांपत्य माझे उत्तर ऐकूनही थांबले नाही. कायदेशीर सोपस्कार पूर्ण करून त्यांनी मुलगी घरी आणली. शेजारीपाजारी बोलू लागले. कोणी म्हणाले, विकतचे दुखणे घरात आणले. कोणी म्हणाले, हे कोणाच्या तरी गुनाहचे फळ आहे. हे बोलणे इस्लामचे नाही. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने पुनःपुन्हा सांगितले आहे. जन्मतः व्यंग असलेल्या तान्ह्या जिवाचा गुनाह कोणता? उलट बुखारीतील हदीसीत प्रेषितांनी हजरत साद (रजि.) यांना बजावले आहे, की तुम्हाला मिळणारी मदत आणि रोजी तुमच्यातील दुर्बलांमुळेच मिळते. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातील बरकत कोणाच्या अंथरुणाशी बांधलेली आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

गेल्या वर्षी त्या घरी जाण्याचा योग आला. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. कुरआनचा शेवटचा पारा तिने पाठ केला आहे. भिंतीवर घड्याळाखाली एक वही टांगलेली होती, तिच्यात दर चार तासांच्या नोंदी होत्या. मातेने सांगितले, “सलग रात्रभर झोप अशी आठ वर्षांत चार-पाच वेळाच झाली असेल.” उलटी, डोकेदुखी किंवा नेहमीपेक्षा जास्त सुस्ती दिसली की शंट तुंबल्याची शंका घेऊन लगेच इस्पितळ गाठायचे, हे आता घरातील सर्वांना पाठ होते. मग मुलीने मला प्रश्न विचारला. “मौलाना, माझी नमाज होते का? मला कळायच्या आत कपडा ओला होतो.”

तो प्रश्न ती किती महिने मनात घेऊन बसली होती कोण जाणे. मी तिला सांगितले, “बेटी, होते. ज्याला लघवी रोखता येत नाही त्याला शरीअत माजूर म्हणते. नमाजेची वेळ झाली की कपडा बदल, वुजू कर. ती वेळ संपेपर्यंत तो त्रास तुझा वुजू मोडत नाही. बसून पढ. तुझी नमाज पूर्ण आहे.” ती हसली. वुजूच्या प्रकरणातील हा मसला मी मदरशात पाठ केला होता. तो कोणासाठी लिहिला आहे, हे त्या दिवशी उमगले.

पण त्याच भेटीत माझी चूकही माझ्यासमोर आली. मुलगी मोठी होत आहे, आता परदा कसा पाळायचा, अशी चिंता पित्याने बोलून दाखवली. मी सहज विचारले, “लहानपणी हिला तुमच्या बहिणीचे दूध पाजले नाही का?” ते गोंधळले. शरीअतमध्ये दुधाचे नाते रक्ताच्या नात्यासारखे मानले जाते. दोन वर्षांच्या आत बाळाला पित्याच्या बहिणीने दूध पाजले, तर तो त्याचा दूध-मामा होतो आणि मुलगी कायमची महरम होते. हनफी मसलकात थोडे दूधही पुरते. कोकणातील आपले बंधू शाफई आहेत, त्यांच्या मसलकात वेगवेगळ्या पाच वेळा पाजणे आवश्यक आहे. मुलगा असेल तर माता किंवा तिची बहीण पाजू शकते. ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, “माझी बहीण मागच्या गल्लीतच राहत होती. तिच्या कडेवर तेव्हा सहा महिन्यांचे बाळ होते. आम्हाला कोणी सांगितलेच नाही, मौलाना.”

ते माझ्याकडे आले तेव्हा मुलीला दोन वर्षे व्हायला चार महिने बाकी होते. ते चार महिने मी वाया घालवले. मी त्यांना बंद असलेले सर्व दरवाजे दाखवले, उघडा असलेला एक दाखवला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. पण आखिरतमध्ये या अर्ध्या उत्तराचा जाब मला द्यावा लागेल, याची मला भीती वाटते. माझ्या इमाम आणि आलिम बंधूंना माझी विनंती आहे, की असा प्रश्न घेऊन कोणी आले तर नियम अवश्य सांगा, पण पूर्ण सांगा.

पूर्ण उत्तर पुढीलप्रमाणे आहे.

अनाथाला सांभाळणारा जन्नतमध्ये माझ्या इतका जवळ असेल, असे सांगताना प्रेषितांनी तर्जनी आणि मधले बोट एकत्र धरून दाखवले होते. उत्तराची सुरुवात येथून व्हावी. नंतर दुधाच्या नात्याचा मार्ग सांगावा. मुलाला त्याच्या जन्माविषयीचे सत्य वयाला साजेल अशा शब्दांत लहानपणापासून सांगत जावे. लपवलेले सत्य एक दिवस घाव घालते. ते मूल वारस नाही हे खरे, पण जिवंतपणी त्याला हिबा करता येतो आणि एक तृतीयांश मालमत्तेपर्यंत त्याच्यासाठी वसीयत करता येते. आजारी मुलाच्या बाबतीत ती करून ठेवण्यात दिरंगाई करू नये. उपचारासाठी शरीराला हात लावावा लागला तर गरजेपुरती सवलत आहे. शंट तुंबला असताना मुलीला उचलून धावणाऱ्या पित्याला कोणी महरमचा प्रश्न विचारू नये. शिवाय नळी स्वतः घालण्याचे शिक्षण अशा मुलांना इस्पितळात दिले जाते. ही मुलगी आता ते शिकते आहे, त्यामुळे अर्धी अडचण आपोआप दूर होईल.

देशाचा कायदाही जाणून घ्यावा. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार न्यायालयाकडून पालकत्व मिळते, त्यात मुलाचे कूळ बदलत नाही. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात दत्तक आणि पालनपोषणासाठी मूल घरी ठेवणे, असे दोन्ही मार्ग आहेत. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते, मात्र त्याची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. कागदावर दत्तक घेतले तरी वंश आणि वारसा यांबाबत शरीअतचे भान घरात ठेवता येते. कायद्याबाहेर, परस्पर कोणाचे मूल कधीही आणू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावरही त्याला पालकाची गरज असेल, तर याच कायद्यातील स्थानिक समिती पालक नेमते. “आमच्यानंतर हिचे कोण?” या प्रश्नाने ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

आणि आता जमातीविषयी. बैतुलमाल आज नाही, पण जमात आहे. गरजू मुलाच्या उपचारासाठी जकात कशी द्यावी, हे आलिमांना विचारून ठरवता येते. मोहल्ल्यातील दोन भगिनी त्या मुलीची निगा राखायला शिकल्या, तर आठवड्यातील एक रात्र ती माता झोपू शकेल. एका रिक्षावाल्या भावाने रात्री-अपरात्री फोन उचलण्याचे कबूल केले, तर त्या पित्याची निम्मी धास्ती कमी होईल. मस्जिदच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायला फार खर्च येत नाही. आमच्या मस्जिदीत तो गेल्या रमजानपूर्वी बांधला. सात-आठ वर्षे उशीर झाला, पण बांधला.

बंधू आणि भगिनींनो, सूरह माऊनमध्ये अल्लाहने अनाथाला धक्के देऊन हाकलणाऱ्याची ओळख दीन नाकारणारा अशी करून दिली आहे आणि लगेच अशा नमाजींचा धिक्कार केला आहे, जे आपल्या नमाजेविषयी गाफील आहेत आणि लहानसहान वस्तूही कोणाला देत नाहीत. धक्का केवळ हातानेच दिला जातो असे नाही. तो कोरड्या उत्तराने देता येतो, शेजाऱ्याच्या कुजबुजीने देता येतो आणि मान फिरवूनही देता येतो. तुमच्या वस्तीत असे एखादे घर असेल, जिथे रात्री दोन वाजता दिवा लागतो आणि कोणी तरी घड्याळाकडे पाहून उठते, तर या जुम्याला नमाजेनंतर त्या घरी जा. सल्ला घेऊन जाऊ नका. “आज रात्री आम्ही काय करू?” एवढेच विचारा.

हे अल्लाह, ज्यांनी तुझ्या दुर्बल लेकरांना कुशीत घेतले त्यांच्या हातांना बळ दे आणि त्यांच्या थकव्याला इबादत म्हणून स्वीकार. आजारी मुलांना शिफा दे. आणि ज्यांनी अपुरे सांगितले, ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, त्या आम्हा सर्वांना क्षमा कर. आमीन.