प्लगपासून पायडलपर्यंत

सोलापुरात मे महिना आहे. जूनमध्ये शाळा उघडतील, म्हणून युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टांचे गठ्ठे टेबलांखालीसुद्धा रचलेत. अशात ओळीतलं एक सिंगल नीडल मशीन बंद पडलंय. त्यावर बसणाऱ्या ताईंची मजुरी पीसवर आहे. मशीन थांबलं की कमाईही थांबते. तुमचा हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो.

जाऊ देऊ नका. आधी ताईंना विचारा, आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. आवाज बदलला होता का? जळका वास आला? एकदम थांबलं, की अडखळत? हाताला झिणझिण्या येत होत्या का? दिवसभर त्या याच मशीनवर असतात. मोटरचा सूर जरा जरी बदलला तरी त्यांना कळतो, आणि तरी त्यांना कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता स्विच बंद करा, प्लग काढा. मशीनचं चाक हाताने स्वतःकडे फिरवा. सावकाश. सुई खाली जाऊन वर येऊ द्या. चाक जड लागलं तर बहुधा हुकात दोरा अडकलाय किंवा तेल संपलंय. वायरिंग उघडायचं कारणच नाही. हलकं फिरलं, तर मन विजेकडे वळवा.

मनातल्या मनात भिंतीपासून विजेबरोबर चालत या. सॉकेट, प्लगची पिन, टेबलाखालची केबल, स्विच, मग मोटर किंवा कंट्रोल बॉक्स. ही वाट एका ठिकाणी तुटली तरी मशीन थांबतं. बाकीची वाट मात्र शाबूत असते. ही गोष्ट मनात नीट मुरू द्या. घाईत माणूस नेमका शाबूत भाग उघडतो आणि तिथे नवा बिघाड करून ठेवतो.

सॉकेटमध्ये टेस्टर पेटला की ‘लाइट आहे’ म्हणून आपण पुढे सरकतो. इथे जरा रेंगाळा. टेस्टर फक्त फेज आल्याचं सांगतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटतोच, आणि त्या लाइनवर दुसरं काही जोडलेलं असेल तर न्यूट्रलच्या छिद्रातही पेटतो. दोन्हीकडे उजेड आणि मशीन ठप्प! म्हणून मीटर घ्या. आधी शेजारच्या चालू सॉकेटवर लावा. २३० व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की मग संशयाच्या जागी लावा. तिथे शून्य आलं तर परत चालू सॉकेटवर जा आणि मीटरच बंद पडलेला नाही ना, याची खात्री करा. ही सवय मी जिवापाड जपण्यासारखी मानतो. वीज नाही असं धरून चालल्यामुळेच माणसं दगावतात.

जुनी क्लच मोटर नुसतीच गुणगुणत असेल तर कान द्या, पण क्षणभरच. लगेच स्विच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. सिंगल फेजवर एकट्या मुख्य वाइंडिंगला रोटर सुरू करता येत नाही. दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट कपॅसिटरमुळे थोडा पुढे सरकतो, तेव्हा कुठे रोटरला फिरायची दिशा मिळते. म्हणून पहिला संशय कपॅसिटरवर. मोटर थ्री फेज असेल तर हाच आवाज एक फेज गेल्याचा असू शकतो.

सर्वो मोटर पायडल दाबेपर्यंत गप्पच असते, तेव्हा तिच्या शांततेवरून काही ठरवू नका. पायडलची सळई निसटलीय का, कनेक्टरमध्ये सुताची भुकटी आणि तेल साचलंय का, मशीनचं तिरपं केलेलं डोकं नीट खाली बसलंय का, हे बघा. बॉक्स उघडायची वेळ आलीच, तर प्लग काढून हात मांडीवर ठेवा. आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. निदान दहा मिनिटं थांबा. बॉक्सवर जास्त वेळ लिहिली असेल तर तेवढी. या वेळात दुसरं काम काढू नका. श्वास संथ होऊ द्या, शेजारच्या मशीनचे आवाज ऐका. बंद मशीनमध्ये अजून जीव घेण्याइतकी वीज आहे, एवढंच मनात धरून बसा. मग मीटर डीसीवर लावून खात्री करा आणि त्यानंतरच हात घाला.

पुष्कळदा मात्र बॉक्सपर्यंत जावंच लागत नाही. टेबलाखाली केबल जिथे वळते तिथे, प्लग काढलेलाच ठेवून, ती दोन बोटांत धरा आणि हलकेच वाकवा. वरचं आवरण धडधाकट दिसतं, पण आत तांब्याचे केस एकेक करून तुटलेले असतात; तारेच्या दोन्ही टोकांना मीटर बीपवर लावून केबल वाकवली, की बीप येते, जाते, पुन्हा येते. तेवढा तुकडा कापून जोड देत बसू नका. केबलच नवी घाला.

मशीन चालू झालं तरी उठू नका. पुन्हा प्लग काढा. मीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनला, दुसरं मशीनच्या रंग नसलेल्या स्क्रूला लावा. बीप आली नाही, म्हणजे अर्थिंग तुटलेलं आहे. मालक ऑर्डरची घाई करतील. हिरवी तार जोडून होईपर्यंत मशीन ताईंच्या ताब्यात देऊ नका.