दोन दिनार आणि दोन हात



दयाळू शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, पण दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी जखमा बांधल्या होत्या.

एचआयव्हीसाठी दिनार पुष्कळ आले. २००२ मध्ये अनेक सरकारांच्या पैशातून ग्लोबल फंड उभा राहिला. २००३ मध्ये अमेरिकेने ‘पेपफार’ सुरू केला. आपल्या देशात एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली आणि आफ्रिकेतील कित्येक दवाखाने बंद पडले. आपल्याकडे बहुतांश खर्च आता आपले सरकारच करते.

म्हणजे दिनार आहेत. हात कुठे आहेत?

आपण रुग्णाचा पेला वेगळा ठेवतो, विधवा सुनेला बोल लावतो. पेल्यातून हा रोग पसरत नाही. आपल्या वागण्याने पसरतो. कारण लाजेने लपलेला माणूस तपासणीला जात नाही. नियमित औषधाने विषाणू पूर्ण दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईने वेळेवर औषध घेतले, तर बाळही बहुधा वाचते.

वैवाहिक निष्ठेची शिकवण आम्ही देतच राहू. पण शोमरोन्याने जखमी माणसाला, “तू या वाटेने आलासच कशाला?” असे विचारले नाही.

आपल्या बोदवडमध्ये असे एखादे घर टाळले जात असेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन चहा घेऊ या. आम्हीही येऊ.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू