येळवशीचं ताट

गंगाखेडच्या पुढं, बालाघाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात एक शेतकरी राहत होता. एका वर्षी ऐन काढणीच्या तोंडावर पावसानं झड लावली आणि सोयाबीन उभ्या जागी कुजलं. बँकेचं कर्ज तसंच राहिलं.

शेतकरी गप्प झाला. रात्री त्याला झोप येईना. दिवसभर तो ओट्यावर बसून राही. बायको ताट वाढून आणी. तो एक घास मोडी आणि उठे. घरात ज्वारी होती. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 साली दिलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण त्यानं आदल्या खरिपात पेरलं होतं. या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असतं. पण दाण्यात कितीही लोह असलं, तरी ताटाला हात लागल्याशिवाय ते रक्तात उतरत नाही.

हळूहळू चूलही मंदावली. नवरा जेवत नाही म्हणून बायको चहावर दिवस काढू लागली. पोरं बिस्किटाचे पुडे फोडू लागली. आजारी एकच माणूस होता, पण उपास सगळ्या घराला पडला.

एक दिवस आशाताई आली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून सरकारनं 2015 साली 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात परभणीही होता. तेव्हापासून घरोघर जाऊन विचारपूस करणं हे आशाताईंच्या कामात आलं. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “दादा, झोप लागते का? जेवण जातं का? जगू नये असं कधी मनात येतं का?”

शेवटच्या प्रश्नाला शेतकऱ्याचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी ती दोघा नवराबायकोंना गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर त्याच्याशी बराच वेळ बोलले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, “जेवणानंतर घ्यायच्या. मनानं बंद करायच्या नाहीत.”

परतताना बायको आशाताईला म्हणाली, “ताई, जेवणच नाही तर नंतर कसलं?”

हे शेजारच्या म्हातारीच्या कानावर गेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. तिनं खडी फोडली होती, तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकर आणि कारळाची चटणी फडक्यात बांधून आली आणि ओट्यावर बसली.

“बाबा, मला एकटीला घास उतरत नाही. बस जरा माझ्याजवळ.”

म्हाताऱ्या माणसानं आपल्या दारात एकटं जेवावं, हे त्याला बरं वाटेना. त्यानं चतकोर घेतली. मग गोळीही घेतली.

म्हातारी रोज येऊ लागली. तिनं उपदेश केला नाही. पावसाचं नाव काढलं नाही, कर्जाचं विचारलं नाही. कधी कधी एवढंच सांगे, की खडीच्या कामावर दुपारी सगळ्या जणी एका झाडाखाली फडकी सोडत आणि जिचं फडकं रिकामं असे, तिला आधी मधोमध बसवत. चतकोराची अर्धी झाली, अर्धीची अख्खी झाली. काही आठवड्यांनी शेतकऱ्याला झोप लागू लागली. तो रानात जाऊ लागला.

मार्गशीर्षातली अमावस्या आली. येळवस आली. कडब्याची कोप उभी राहिली. शेतकऱ्यानं आंबिलाचं मडकं स्वतः डोक्यावर घेऊन रानात नेलं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून भज्जी शिजली होती. सोबत बाजरीचे उंडे होते. या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नसतं. शेजारीपाजारी आले, वाटसरू आले. पंगत बसली.

बायको वाढत होती. भज्जी वाढायला तिनं हात वर केला आणि तिच्या बांगड्या घसरून कोपराला लागल्या. शेतकरी बघतच राहिला.

“तू कधी जेवतेस गं?”

“तुमचं सगळ्यांचं झालं की.”

त्यानं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. तिला म्हातारीच्या शेजारी बसवलं आणि पहिलं ताट तिच्यापुढं ठेवलं. ती “नको, नको” म्हणत राहिली. तो तिथून हलला नाही. शेवटी तिनं उंडा मोडला.

म्हातारी म्हणाली, “औषध ज्याचं त्यालाच घ्यावं लागतं, लेकरा. भाकर मात्र एकट्याच्या अंगी लागत नसती.”

पुढच्या तारखेला दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि तिचं रक्त तपासायला पाठवलं. रक्त कमी निघालं. आशाताईनं वही उघडली आणि त्याच्या नावाखाली तिचंही नाव लिहिलं.