‘पास्सुस’ या शब्दाविषयी

प्रेषितांच्या मतांगीकारात पंतय पिलाताचे नाव येते, तेथे लॅटिनमध्ये ‘पास्सुस’ हे धातुसाधित आहे. त्याचे रूप कर्मणि, परंतु अर्थ कर्तरी. आपल्या यवतमाळकडे ‘वेचलेला कापूस’ म्हटले म्हणजे वेचणारा निराळा. ‘जेवलेला मनुष्य’ म्हटले म्हणजे जेवणारा तोच. प्रत्यय तर एकच! ‘पास्सुस’ या दुसऱ्या जातीचा आहे: ज्याने स्वतः सोसले तो. त्यामागून येणारा ‘क्रुसिफिक्सुस’ पहिल्या जातीचा. खिळे ठोकणारे हात परक्यांचे होते, सोसणे मात्र प्रभूचे. ‘सेपुल्तुस’, म्हणजे ‘पुरलेला’, येथे धातुसाधिते संपतात आणि ‘उतरला’, ‘उठला’ अशी पूर्ण क्रियापदे सुरू होतात. उपदेशक बंधूंनी मंडळीसमोर म्हणताना तेथे किंचित थांबावे.