आयता पाऊस

विस्तीर्ण कादंबरीवरून चित्रपट निघाला की मूळ ग्रंथातले काय काय गळाले, याची मोजदाद प्रथम सुरू होते. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्यावरून डेव्हिड लिंच यांनी १९८४ मध्ये केलेला चित्रपट १३७ मिनिटांचा आहे. एवढ्या अवधीत एका अख्ख्या ग्रहाचा धर्म आणि राजकारण बसवायचे, म्हणजे पात्रांच्या मनातले विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवावे लागणार आणि उत्तरार्धातील वर्षे घाईने उरकावी लागणार. हे दोष खरेच. परंतु ते क्षम्य आहेत. कीर्तनकारही आख्यान आटोपते घेतोच.

अडचण आहे ती शेवटाची. पॉल हा नायक विजयी होतो आणि अराकिस या वाळवंटी ग्रहावर पाऊस कोसळू लागतो.

कादंबरीत असा पाऊस नाही, आणि तो असूच शकत नव्हता. तेथील फ्रेमेन लोक घाम आणि श्वासातली वाफसुद्धा पोशाखात साठवून पुन्हा पितात. मृताच्या देहातील पाण्यावर टोळीची मालकी असते. मेलेल्यासाठी कोणी रडले, तर त्याने आपले पाणी दिले असे ते मानतात. ग्रह हिरवा करण्याची त्यांची योजना आहे, पण तिचा हिशेब तीनशे ते पाचशे वर्षांचा. आज थेंब साठवणाऱ्याला त्या झाडांची सावली लाभणार नाही, हे तो जाणतो. शिवाय पाणी हे तेथील महाकाय वाळूकृमींना विष, आणि ज्या मसाल्यावर सारे साम्राज्य चालते तो या कृमींच्या जीवनचक्रातूनच निपजतो.

चित्रपटाने शतकांचे हे काम क्षणात उरकले, आणि त्यासरशी माणसाचा देव झाला. हर्बर्ट यांना भय होते ते नेमके याचेच. पॉलविषयीची भाकिते बाहेरच्या एका पंथाने पूर्वीच हेतुपुरस्सर पेरून ठेवलेली आहेत. त्याच्या नावाने पेटणारे धर्मयुद्ध त्याला स्वतःलाही आवरत नाही. १९६९ च्या ‘ड्यून मसीहा’त त्या युद्धाने घेतलेले बळी अब्जावधींच्या घरात गेलेले दिसतात. इशारा म्हणून लिहिलेल्या कथेची चित्रपटात आरती झाली.

अंतिम संकलनाचा अधिकार लिंच यांच्याकडे नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरे आहे. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या लांब आवृत्तीवरून त्यांनी आपले नावही काढून घेतले. परंतु संकलकाच्या कात्रीने प्रसंग गळतात. पाऊस पडत नाही. १९८४ च्या चित्रपटाचे पटकथाकार म्हणून नाव एकट्या लिंच यांचेच आहे.

मग रूपांतरकाराने काही बदलूच नये काय? तसे नव्हे. दनी विलनव्ह यांच्या २०२४ च्या चित्रपटात चानी अखेरीस पॉलकडे पाठ फिरवून निघून जाते. कादंबरीत ती त्याच्यापाशीच राहते. बदल मोठा आहे, तरी मूळ ग्रंथातला संशय त्याने अधिकच टोकदार होतो.

हे सारे ठाऊक असूनही लिंच यांचा तो पाऊस पाहताना मला प्रत्येक वेळी हायसे वाटले आहे. आणि त्या वाटण्याचे काय करावे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.