वळणापलीकडचा माणूस

गेल्या पावसाळ्यात एका परिचित ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीसाठी पोलादपूर तालुक्यातील कापडे या गावी जाण्याचा आम्हांला योग आला. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असल्यामुळे हे मूळचे वसईचे कुटुंब तिकडे स्थिरावले आहे. सायंकाळची प्रार्थना झाली, चहापाणी झाले आणि घरातील महाविद्यालयीन युवकाने आम्हांला मोठ्या उत्साहाने आपल्या खोलीत नेले. काकांनी दिलेला एक जुना संगणक, टेबलाच्या कडेला घट्ट बसविलेले छोटे स्टिअरिंग आणि खाली पायांशी पेडल, असा सारा थाट होता. 'फादर, एक चक्कर मारून बघा ना,' तो म्हणाला.

आम्ही गेली पंचवीस वर्षे गाडी चालवीत आहोत. त्या अभिमानाने आम्ही खुर्चीत बसलो आणि पहिल्याच वळणावर आमची गाडी गिरकी घेऊन रस्त्याबाहेर गेली. पाच वेळा प्रयत्न केला. पाचही वेळा तेच झाले. तो हसला नाही. आदबीने एवढेच म्हणाला, 'फादर, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा. वळणात शिरल्यावर लावला तर उशीर झालेला असतो.'

तो खेळ होता 1998 साली निघालेला 'ग्रां प्री लेजंड्स'. जुन्या संगणकावर नवे खेळ चालत नाहीत, म्हणून त्याने हा शोधून काढला होता. अमेरिकेतील पॅपिरस या संस्थेने त्यात 1967 सालचा फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा हंगाम उभा केला आहे. त्या काळच्या गाड्यांना सुमारे चारशे अश्वशक्तीचे इंजिन असे, परंतु वाऱ्याच्या दाबाने गाडीला जमिनीशी धरून ठेवणारे पंख अद्याप आलेले नव्हते. टायरची पकड मर्यादित असते. तीच पकड ब्रेकसाठी खर्च झाली तर वळण्यासाठी उरत नाही. गाडीचे वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर कसे सरकते याचा हिशेब तो संगणक क्षणाक्षणाला मांडत असतो. म्हणूनच हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा तो अतिशय अवघड अशी त्याची ख्याती झाली, आणि त्याच्या चाहत्यांना तो प्रिय झाला तोही याच कारणाने.

वाचकहो, मुलांच्या संगणकखेळांना सरसकट नावे ठेवण्याची आपणा वडीलधाऱ्यांना सवय आहे. आमचे मन मात्र त्या सायंकाळी काहीसे निराळे सांगू लागले. हा खेळ खेळणाऱ्याची खुशामत करीत नाही. गाडी घसरली तर दोष चालकाचा, हे तो निर्विवादपणे दाखवून देतो. तेच वळण शंभर वेळा घेऊन त्या युवकाने जे कौशल्य मिळविले ते खरे कौशल्य आहे, आणि त्यासाठी लागलेली चिकाटीही खरी आहे. शिवाय शंभर वेळा चुकण्याची मुभा मिळणे ही केवढी कृपा! विमानचालकांना आधी जमिनीवरच्या नकली विमानात बसवितात ते याचसाठी. सेमिनरीत असताना आम्हीही बाप्तिस्मा द्यायला शिकलो ते एका बाहुलीवर. हात कसा धरावा, पाणी किती ओतावे, शब्द कोणते, सारे त्या मुक्या बाहुलीने निमूटपणे शिकू दिले. पुढे पहिल्यांदा जिवंत बाळ हाती आले, ते रडले, त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले, आणि पाठ असलेले शब्द उच्चारताना आमचा हात थरथरला. विधी तोच होता. बाहुलीपाशी मात्र असा थरकाप कधी झाला नव्हता.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. खेळ वास्तव आहे असे आपण म्हणतो तेव्हा कोणते वास्तव म्हणतो? त्याच 1967 सालच्या 7 मे रोजी मोनॅकोच्या शर्यतीत इटलीचा लोरेन्झो बांदिनी दुसऱ्या क्रमांकावर धावत होता. बंदराजवळच्या वळणावर त्याची गाडी आदळली, पेटली, आणि तीन दिवसांनी तो मरण पावला. त्याचे वय अवघे 31 वर्षांचे होते. खेळात मोनॅकोचा तो रस्ता आहे, ते बंदर आहे, ते वळणही आहे. आपटलेली गाडी मात्र दोन कळा दाबल्या की पुन्हा रस्त्यावर उभी राहते.

कोणी म्हणेल, मग खेळ अधिक कठोर करा. एकदा आपटला की सारी कमाई पुसली जाऊ द्या. तसे करता येईल, परंतु त्याने खेळ अधिक अवघड होईल, अधिक खरा होणार नाही. अवघड असणे आणि खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कितीही जबर दंड ठेवला तरी तो खेळणाऱ्यालाच होतो. वळणापलीकडे ज्याचा जीव आपल्या हाती असतो तो माणूस त्यामुळे तेथे येत नाही.

ब्रिटनच्या जान मार्डनबरो याची कथा या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. 'ग्रान तुरिस्मो' हा खेळ खेळता खेळता तो 2011 साली एका स्पर्धेत विजयी झाला आणि खऱ्या शर्यतीत उतरला. 2013 साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळविला. खेळातील कौशल्य खरे असते याचा याहून मोठा पुरावा कोणता? परंतु 2015 च्या मार्च महिन्यात जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे त्याची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. 2023 साली त्याच्या जीवनावर चित्रपट आला. त्यात हा अपघात ल मांच्या आधी दाखविला आहे. जणू त्यातून सावरून नायकाने यश मिळविले. मार्डनबरोला आम्ही दोष देत नाही. आम्हांला खटकते ते एवढेच की एका माणसाचा मृत्यू दुसऱ्याच्या कथेतील एक अवघड टप्पा होऊन बसला. खेळाचा नियम येथे आयुष्याला लावला गेला.

संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथात तरुणपणीच्या नाटकवेडाविषयी लिहितात. रंगमंचावरील दुःख पाहून प्रेक्षक रडतो, त्या रडण्यात त्याला सुख वाटते, परंतु दुःखिताच्या मदतीला त्याला कोणी बोलावीत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले होते. भावना खरी, पण हाक नाही. आजच्या या खेळांनाही हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते.

रात्र होण्यापूर्वी तो युवक आम्हांला आपल्या मोटारसायकलवरून पोलादपूरच्या एस.टी. स्थानकावर सोडावयास निघाला. पाऊस भुरभुरत होता, धुके उतरले होते. महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट येथून दूर नाही. 2018 च्या 28 जुलैला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीस निघालेली बस त्याच घाटात दरीत कोसळली आणि बसमधील एकच जण वाचला. या परिसरात गाडी चालविणाऱ्याला ती आठवण सांगावी लागत नाही.

प्रत्येक आंधळ्या वळणापूर्वी त्याने वेग कमी केला आणि हॉर्न वाजविला. एका वळणापलीकडे खरोखरच एक वृद्ध गृहस्थ डोक्यावर इरले घेऊन दोन गुरे हाकीत येत होते. हॉर्न ऐकून त्यांनी गुरे कडेला घेतली होती. पुढे एका अरुंद जागी चढण चढणारा टेम्पो दिसताच त्याने गाडी बाजूला घेऊन थांबविली. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी हा घाटरस्त्याचा नियम आहे. शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो, आणि वाट देणारा तेथे हरतो.

आम्ही त्याला विचारले, 'बाळा, घरी तर तू वळणावर इतका सावकाश नव्हतास?'

तो म्हणाला, 'फादर, तिथं पलीकडं कुणी नसतं.'

मातापित्यांना आमची विनंती एवढीच आहे. खेळ हिसकावून घेऊ नका. त्यातील कष्टांचे कौतुक करा. परंतु मुलाच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी चार दिवस त्याच्या मागच्या सीटवर बसा. तो वळण किती सफाईने घेतो हे पाहू नका. वळणाआधी हॉर्न वाजवितो की नाही, ते पाहा.